रोकड्यांचे लाकडी वाफे

माणूस नश्वर असतो, पण त्याच्या हातून घडलेलं काम त्याच्यामागे टिकून राहतं. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी चित्रे यांच्या तोंडून, आणि ते बोलत होते गच्चीवर नव्याने घातलेल्या डांबराविषयी. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि पुढच्याच पावसाळ्यात माझ्या स्वयंपाकघरात गळतीखाली पातेलं ठेवावं लागलं. बदलापुरात, कुळगावातल्या त्या इमारतीत मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत होतो. सोसायटीचं कोणतंही चिरंतन कार्य आधी माझ्या डोक्यावर पडायचं.

माझ्या समोरच्या दारात भिकाजी रोकडे राहायचे. चित्र्यांच्या डांबराला गेलेल्या तड्यांचा दोष पुढे ज्या लाकडी वाफ्यांच्या माथी मारला गेला, ते वाफे रोकड्यांनी बांधले होते. म्हणून सुरुवात डांबरापासून करावी लागली.

रोकडे उंच, हाडकुळे, पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला, आणि कानामागे चपटी पेन्सिल. ही पेन्सिल लग्नाकार्यातही तिथेच असायची. कुठल्याही लाकडी वस्तूजवळ उभे राहिले की ते बोटाच्या पेराने टकटक करत आणि मान तिरकी करून ऐकत. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या पुस्तकांच्या कपाटावर टकटक करून म्हणाले, "आतून गेलंय." ते कपाट आजही शाबूत आहे. रोकड्यांचे अंदाज नेहमी बरोबर येत असं नाही, पण सांगायची रीत अशी की ऐकणारा पुढचे कित्येक महिने कपाटाकडे संशयाने बघायचा. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, म्हणून ते मला 'लायब्ररीसाहेब' म्हणायचे. त्यात आदर किती आणि थट्टा किती हे मला कधी उलगडलं नाही.

अंबरनाथच्या एका ओतकामाच्या कारखान्यात ते लाकडी नमुने करायचे. म्हणजे असं, की यंत्राचा एखादा बिडाचा भाग ओतायचा असेल तर आधी तो भाग हुबेहूब लाकडात करायचा, तो ओल्या वाळूत दाबायचा, अलगद वर काढायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड सोडायचं. बीड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना थोडा मोठा करतात. त्यासाठी कारागिराकडे वेगळी पोलादी पट्टी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून किंचित लांब असतो. रोकड्यांचं सगळं आयुष्य त्या लांब फुटाने मोजण्यात गेलं होतं, आणि ती सवय कारखान्याच्या दाराशी थांबली नव्हती. ते चपला एक नंबर मोठ्या घ्यायचे. लग्नाला मुहूर्ताच्या तासभर आधी पोचायचे. "सगळं आकसतं, लायब्ररीसाहेब," ते म्हणायचे. "करतानाच जागा ठेवावी."

एकदा मी त्यांना विचारलं, की एवढ्या मेहनतीने केलेलं लाकूड शेवटी अडगळीतच जातं, वाईट नाही का वाटत? ते म्हणाले, "आमच्या कामात लाकूड महत्त्वाचं नाही. लाकूड काढून घेतल्यावर जी जागा राहते ना, ती महत्त्वाची."

हे त्यांनी सांगितलं तेव्हा त्यांची बायको, हिराबाई, जिवंत होती. त्यामुळे मला ते नुसतं कारखान्याविषयीचं बोलणं वाटलं.

हिराबाई डोंगरापलीकडच्या एका गावातल्या बौद्धवाडीच्या. ते गाव धरणात गेलं. वाडी ओढ्याच्या काठाला, सगळ्यात खालच्या अंगाला होती. रोकडे सांगायचे, "गावात वरची जागा कधी मिळाली नाही. बुडायच्या वेळी मात्र आमचा पहिला नंबर." सामान न्यायला आलेला ट्रॅक्टर सुटायच्या घाईत होता, पाणी परसात शिरलं होतं, आणि हिराबाईंनी विहिरीच्या कडेचा एक अळूचा गड्डा उपटून पदरात बांधला. गावातून आलेली तेवढीच एक वस्तू. तो अळू आमच्या मजल्यावरच्या सज्ज्यात तुपाच्या रिकाम्या डब्यात वाढत होता, आणि मासळी धुतलेलं पाणी हिराबाई रोज त्याला घालायच्या.

चित्र्यांनी या वासाबद्दल एकदा जिना चढून तक्रार केली. हिराबाई हातातलं भांडं खाली न ठेवता म्हणाल्या, "चित्रेसाहेब, पाणी पितो अळू आणि नाक तुमचं का हो वाकडं?"

चित्रे खाली गेले आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'सामाईक जागेत वनस्पती ठेवणे सभासदांच्या आरोग्यास अपायकारक आहे.' त्यांना लिहिता आलं की तोंडी झालेला पराभव ते विसरायचे.

पुढे हिराबाईंना कावीळ झाली आणि थोड्याच दिवसांत त्या गेल्या. रोकड्यांना मूलबाळ नव्हतं. भिंतीवर जे दोन फोटो असायला हवेत ते होते, पण हिराबाईंचा फोटो लागला नाही. माझ्या बायकोने विचारलं तेव्हा रोकडे म्हणाले, "हार घातला की माणूस मेलं, वहिनी." दारामागे त्यांची पिशवी टांगलेली, मोरीत त्यांचा दगड, ओट्यावर त्यांच्या उंचीला येईल असं फडताळ. कुठली गोष्ट हललेली नव्हती. आणि काहीही विचारलं, अगदी पुतण्याच्या साखरपुड्याला येताय का एवढं विचारलं, तरी रोकडे म्हणायचे, "हिला विचारून सांगतो."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, जिभेची सवय आहे, जाईल. गेली नाही. ते खरंच आत जायचे, थोड्या वेळाने बाहेर यायचे आणि उत्तर द्यायचे. उत्तर बहुतेकदा त्यांच्या आधीच्या मताच्या विरुद्ध असायचं.

मी एकदा धीर करून म्हटलं, "रोकडे, तुम्ही तर भूत-पिशाच मानत नाही."

"छे. आम्ही बुद्धाचे. भूतबीत सगळं झूट," ते म्हणाले. "हिला मात्र विचारावं लागतं."

हिराबाईंच्या मागे अळू सुकायला लागला. रोकडे मासळी आणत नव्हते. डब्याचं बूड गंजून गेलं होतं, पानं हाताच्या पंजाएवढीच यायची आणि कडेने पिवळी पडायची. गच्चीवर मातीत लावावा तर चित्र्यांचा नियम होता, गळतीच्या कारणाने गच्चीवर माती नेण्यास सक्त मनाई. एका संध्याकाळी रोकडे माझ्या दारात उभे राहिले. "गाव गेलं ते सरकारच्या कागदावर," ते म्हणाले. "आमच्या लेखी अळू आहे तोवर गाव आहे. हा गेला की मग गेलं. तुमच्याकडे माशांवर काही पुस्तक आहे का?"

मी त्यांना मत्स्यशेतीवरची एक पुस्तिका आणून दिली. तिच्यात मंत्रिमहोदयांचा संदेश चार पानांचा होता आणि माशांना खायला काय घालावं हे अर्ध्या पानात. रोकड्यांनी संदेशाची पानं टाचणीने बंद करून टाकली आणि उरलेलं वाचलं. पण कल्पना पुस्तिकेतली नव्हती, हिराबाईंच्या भांड्यातली होती. मासे जिवंतच ठेवायचे. त्यांचं पाणी पंपाने वर खडीच्या वाफ्यात चढवायचं, अळूने त्यातलं हवं ते घ्यायचं, आणि निवळलेलं पाणी परत माशांत. माती नाहीच. अशा प्रकारच्या शेतीला आता इंग्रजी नाव आहे आणि तिची शिबिरंही भरतात. रोकडे तिला 'हिचं पाणी' म्हणायचे.

लाकडासाठी आम्ही उल्हासनगरला गेलो. कॅम्प तीनमध्ये, शिवणयंत्रांच्या खडखडाटातून वाट काढत, फाळणीत सिंधमधून आलेल्या टेकूमल नावाच्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे. पाडलेल्या घरांचे दरवाजे, यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या, असं सगळं तिथे उभं करून ठेवलेलं असायचं. रोकडे एकेका फळीवर टकटक करत आणि ऐकत पुढे सरकत होते. टेकूमल गल्ल्यावरून बघत होता.

"साईं, लकडी है, तरबूज नहीं," तो म्हणाला. "ठोकता कायको है? बोल, काय बनवायचा?"

"वाफे," रोकडे म्हणाले. "पेटीसारखे. आत पाणी राहील असे."

"पानी? सागवान लेके उसमें पानी भरेगा? किसके वास्ते?"

"बायकोसाठी. तिच्या गावचा अळू आहे. गाव पाण्यात गेलं."

टेकूमल गल्ल्यावरून उठला. मागच्या बाजूला गेला आणि एका मोठ्या दरवाजाची सागाची झडप ओढत घेऊन आला. कड्या काढलेल्या जागी काळी वर्तुळं होती. "ये ले. पुराना है, पानी को डरेगा नहीं," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "हमारा गाव तो पाण्यात नाय गेला. उधरच है अजून. सूखा. फिर भी जा नहीं सकता. अभी बोल, किसका जास्ती गेला?"

रोकड्यांनी यावर विचार केला. "हिला विचारून सांगतो," ते म्हणाले.

"हां हां, भाभी को पूछ," टेकूमल म्हणाला. भाभी कुठे आहे हे मी त्याला सांगितलं नाही.

वाफे बांधायला रोकड्यांनी पावसाळ्याआधीचे सगळे शुक्रवार घेतले, कारण अंबरनाथच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते. बसायच्या खोलीतलं सामान भिंतीला सरकवून त्यांनी जमिनीवर काम मांडलं. कोपऱ्यांना पंखाच्या आकाराचे खाचांचे सांधे, पितळी स्क्रू, आतून चपड्याच्या लाखेचे हात, त्यावर टेम्पोवाल्यांची काळी ताडपत्री. आतले कोपरे त्यांनी मेण भरून गोल केले, म्हणजे ताडपत्री तिथे फाटत नाही. आणि वाफ्याच्या भिंती सरळ नव्हत्या, वर रुंद आणि खाली निमुळत्या होत्या. वाळूतून नमुना वर काढताना कडा ढासळू नयेत म्हणून कारखान्यात तसं करतात. इथे वाळू कुठे होती? मी विचारलं.

"कधी हलवायची वेळ आली तर अख्खा गड्डा वर यायला हवा," रोकडे रंधा न थांबवता म्हणाले. "मागच्या वेळी घाईत मुळं तुटली होती."

वर न्यायच्या दिवशी पहिला वाफा गच्चीच्या दारात अडकला. दाराचं माप त्यांनी माझ्याकडची टेप नेऊन घेतलं होतं, फळ्या मात्र कापल्या आपल्या पट्टीने, नेहमीसारख्या, हात आपोआप गेला म्हणून. लांब फुटाने मोजलेली रुंदी पाव इंच जास्त भरली होती. वाफा अर्धा आत, अर्धा बाहेर. हातभार लावणारे दोघेजण पलीकडे गच्चीवर राहिले होते आणि त्यांना खाली येता येत नव्हतं. चित्रे आले. त्यांनी आधी वाफ्याकडे, मग दाराकडे, मग आकाशाकडे पाहिलं.

"रोकडे, हे काय आहे?"

"वाफा आहे."

"गच्चीवर मातीला मनाई आहे!"

"माती नाही. खडी भरणार आहे."

"आणि पाणी? पाण्याचं काय?"

"पाणी माशांचं आहे," रोकडे म्हणाले.

चित्र्यांच्या नियमांत मासे नव्हते. ते लिहिण्यासाठी खाली निघून गेल्याचं पावलांच्या आवाजावरून कळलं. इमारतीत सगळ्यांनी सल्ले दिले. दाराची चौकट काढा, वाफा कापा, तेल लावा. रोकडे चौकटीजवळ उकिडवे बसून राहिले आणि म्हणाले, "थांबा. आकसेल." लाकूड बिडासारखं आकसत नाही, हे त्यांच्याहून जास्त कोणाला माहीत असणार? तरीही ते ऊन उतरेपर्यंत तिथे बसून होते. शेवटी त्यांनी वाफ्याची एक कड रंध्याने उतरवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी लहान करावं लागत होतं, आणि ते करताना त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

मासे आणले बारकूने. बारकू हिराबाईंचा धाकटा भाऊ, धरणाच्या काठावर वर सरकलेल्या नव्या पाड्यात राहायचा, भातशेती गेल्यावर धरणात जाळं टाकायचा. दुधाच्या दोन कॅनमध्ये तो जिवंत मासे घेऊन आला. गच्चीवर सोसायटीची एक जुनी सिमेंटची टाकी बाद म्हणून पडून होती, तिच्यात त्याने ते सोडले.

"दाजी, हे आपले घरातले हायेत बरं," तो म्हणाला.

"म्हणजे?" मी विचारलं.

"आमचं घर व्हतं ना, त्याच्या जोत्यावर बरोब्बर जालं सोडलं मी. वरून अंदाज हाय मना. पिंपळाचा बुंधा दिसतो, तिथून डावीकडं. हे मासं आमच्या चुलीपाशी फिरत्यात, लायब्ररीसाहेब. आमी नाय जाऊ शकत, ते जातात."

तो हसला. टाकीत मासे गोल फिरत होते. रोकडे त्यांच्याकडे ओळखीच्या माणसांकडे बघावं तसे बघत होते.

आता एकच गोष्ट उरली होती. अळूची मुळं सतत पाण्यात राहिली तर कुजतात, म्हणून वाफा हळूहळू भरायला हवा आणि भरला की एकदम रिकामा व्हायला हवा. त्यासाठी वाफ्याच्या बुडातून उभी नळी काढायची आणि तिच्यावर एक भांडं पालथं घालायचं. पाणी भांड्याच्या आत चढत जातं, नळीच्या तोंडावरून एकदा वाहू लागलं की सगळं खेचून नेतं, आणि शेवटी हवा शिरली की थांबतं. मी रोकड्यांना प्लॅस्टिकचा डबा सुचवला. ते आत गेले. बराच वेळ आत होते. बाहेर आले ते हिराबाईंचा पितळी तांब्या घेऊन. लग्नात आलेला, कडेला ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेला. पाणी आत शिरायला त्याच्या ओठाला कानशीने खाचा पाडायच्या होत्या.

"हो म्हणाली," ते म्हणाले.

तांब्या खडीखाली गेला आणि पंप सुरू झाला. मासे, पाणी, खडी, अळू, पुन्हा मासे. महिन्याभरात नवी पानं आली, हिरवी, जाड, हत्तीच्या कानांसारखी. रोकडे रोज त्यांच्यावरून हात फिरवायचे, पण एकही पान तोडत नसत. शेजारणी ताकातल्या भाजीसाठी मागायच्या, त्यांना 'हिला विचारून सांगतो' एवढंच ऐकायला मिळायचं, आणि याबाबतीत आतून उत्तर कधी आलं नाही.

आवाजाचं मात्र कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. वाफा भरत असताना काही ऐकू यायचं नाही. मग एकदम, खळ्ळकन, कोणीतरी बाईने अख्खा हंडा ओतावा तसा आवाज, आणि त्याच्या शेवटी तोंड लावून पाणी प्यायल्यासारखा घोट. दुपारी इमारत निजलेली असताना तो आवाज जिन्यातून तळमजल्यापर्यंत उतरायचा. पुन्हा शांतता. आणि आपण विसरलो की पुन्हा. माझी बायको माझ्याशी बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची, आवाज झाला की पुढे बोलायची.

सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला. चित्र्यांनी 'गच्चीवरील अनधिकृत ध्वनी' असं नाव देऊन तो मांडला. तळमजल्यावरच्या सावंतबाई उभ्या राहिल्या. त्यांना मुळात गळतीविषयी बोलायचं होतं.

"अहो, हिराबाई हंडा ओतायच्या ना, अगदी तस्सा आवाज येतो," त्या म्हणाल्या. "मुलं घाबरतात. मी नाही घाबरत, पण मुलं घाबरतात."

चित्रे हसून म्हणाले, "रोकडे, तुमच्यासारख्या पुरोगामी माणसाने इमारतीत असल्या अफवा पसरू द्याव्यात?"

"अफवा नाही," रोकडे म्हणाले. "बाई बरोबर सांगताहेत. तिचाच तांब्या आहे."

चित्र्यांनी चष्मा पुसला. नेमकं त्याच वेळी वर वाफा भरला असावा. सगळ्यांनी तो हंडा ओतला जाताना ऐकला, आणि नंतरचा घोटही. सावंतबाई म्हणाल्या, "पिऊ दे बापडीला." विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला.

शुक्रवारी कारखाने बंद असत आणि त्या दिवशी आमच्याकडची वीजही जायची. पंप थांबायचा. मग रोकडे गच्चीवर टाकीपाशी स्टूल घेऊन बसायचे आणि डब्याने पाणी वाफ्यात ओतत राहायचे, वीज येईपर्यंत. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, पेन्सिल कानामागे, चेहऱ्यावर कामाशिवाय दुसरं काही नाही. मी कधी वर गेलो तर बोलायचे, पण हात थांबायचा नाही. एकदा मी म्हटलं, "थोडा वेळ थांबलात तर मासे मरणार नाहीत." ते म्हणाले, "मासे नाही मरणार."

अशाच एका शुक्रवारी दुपारी मी घरी होतो. रोकडे सकाळीच बारकूकडे गेले होते, कोणाच्या तरी जलदानविधीला. वीज नव्हती. मी वाचत पडलो होतो, आणि वर हंडा ओतला गेला.

मी जिना चढून वर गेलो. गच्चीवर कोणी नव्हतं. दाराला जिन्याच्या बाजूने कडी होती, ती मीच काढली. पंप थंड होता. स्टूल उपडं ठेवलेलं होतं. वाफ्यातून मात्र पाणी जोरात टाकीत पडत होतं, मासे त्या धारेखाली जमले होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर धार बारीक होत गेली, घोट झाला आणि थांबली. खडी वरपर्यंत ओली होती. अळूची पानं हलत होती, आणि वारा नव्हता असं माझं त्या वेळचं मत आहे.

खाली आल्यावर बायकोने विचारलं, "काय होतं?" मी सांगितलं, वरची पिण्याच्या पाण्याची टाकी भरून वाहिली. ती टाकी कोरडी होती. याला काही साधं कारण असणारच. मी ते शोधायला पुन्हा वर गेलो नाही. संध्याकाळी रोकडे परत आले तेव्हा त्यांना मी एवढंच म्हटलं, की मी एकदा वर जाऊन आलो, सगळं ठीक आहे.

"माहीत आहे," ते म्हणाले.

अशी बरीच वर्षं गेली. कारखान्यात लाकडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचे नमुने येऊ लागले आणि रोकडे निवृत्त झाले. बदलापूर खरवईच्या बाजूला पसरत गेलं, इमारतींना लिफ्ट आल्या. डांबराला वाफ्यांच्या वजनानेच तडे गेले असं सांगून चित्र्यांनी गच्चीसाठी नवं रासायनिक लेपन मंजूर करून घेतलं आणि त्याच्या उद्घाटनाला नगरसेवकही बोलावला. लेपनवाल्याची अट होती, की गच्ची पूर्ण मोकळी हवी. मुदत दिली गेली. मी सभेत वाफ्यांच्या बाजूने बोललो, आणि माझं बोलणं इतिवृत्तात 'एका सभासदाने सूचना केली' असं आलं.

रोकडे भांडले नाहीत. आत गेले, विचारून आले. "जायचं म्हणते," ते म्हणाले.

वाफे गच्चीवरून उतरवले त्या दिवशी अळूचे गड्डे एकेक करून अख्खे वर आले, एक मूळ तुटलं नाही. बारकूच्या पाड्याकडे जाणारा टेम्पो सुटला तेव्हा रोकडे ड्रायव्हरशेजारी बसले नाहीत. मागे, वाफ्यांच्या मध्ये, दोन्ही हातांनी अळू धरून उभे होते. चित्रे निरोप द्यायला खाली आले होते आणि त्यांनी हात हलवला. रोकड्यांचे हात मोकळे नव्हते.

मी त्यांना त्यानंतर एकदाच पाहिलं. एका मे महिन्यात एसटीने बारकूच्या पाड्यावर गेलो. धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं, भेगाळलेल्या चिखलाचा उतार दूरपर्यंत उघडा पडला होता. बारकू म्हणाला, "दाजी खाली हायेत. पानी जसं सरतं तसं ते वाफा सरकवतात. पावसाला पानी वर आलं का वाफा वर. उन्हाल्यात परत खाली. आता वरीसभर त्येच चाललंय."

"इथे माती आहे की. मातीत का नाही लावत?"

"मी बोललो. ते बोलले, हिला इचारतो." बारकूने नजर वळवली. "ती बोलली असंल, घराजवल ने."

मी उतारावरून खाली गेलो. रोकडे आणखी वाळले होते. वाफ्याला दोर बांधून ते तो एकटे ओढत होते, हातभर, मग दम, मग हातभर. मी हात लावला. पाण्याच्या कडेला, जिथे चिखल अजून ओला होता, तिथे त्यांनी वाफा टेकवला. पलीकडे थोड्या अंतरावर पाण्यातून पिंपळाचा काळा बुंधा वर आला होता. रोकड्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग डावीकडे.

"अजून एक उन्हाळा," ते म्हणाले. "पाणी आणखी खाली गेलं की जोतं लागेल."

मी निघताना त्यांनी एक नवल केलं. वाकून अळूची चार मोठी पानं तोडली, देठांसकट, आणि माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत मी त्यांना पान तोडताना पाहिलं नव्हतं. "वहिनींना द्या," ते म्हणाले. मी वळून पाहिलं तेव्हा ते वाफ्याशेजारी उकिडवे बसले होते, पाण्याकडे तोंड करून, डब्याने पाणी ओतत. एवढ्या लांबून आवाज ऐकू येत नव्हता.

जोतं लागायच्या आत ते गेले, असं पुढच्या हिवाळ्यात बारकूकडून कळलं. वाफ्याचं काय झालं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ती पानं मी घरी आणली त्या दिवशी माझी बायको बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, एका बुडालेल्या गावाची पानं आहेत, वाया घालवायची नाहीत. तिने मनापासून वड्या केल्या, चिंच-गूळ नेहमीपेक्षा जास्त घातला, आणि आम्ही जेवायला बसलो. पहिल्या घासातच दोघांचे घसे इतके खाजू लागले, की रात्री डॉक्टरांकडे जावं लागलं. डॉक्टरांनी उरलेलं पान पाहून सांगितलं, की हा रानअळू आहे, हा खात नाहीत.